बोटाएवढा बाजीप्रभू

छंद म्हणून शिपाई घडवणाऱ्यांचं जगभर चालणारं जुनं माप म्हणजे 54 मिलिमीटर. पुरा माणूस बत्तिसाव्या हिश्शात. या मापात डोकं हरभऱ्याच्या दाण्याएवढं होतं, आणि त्या दाण्यावर 2022 च्या ‘पावनखिंड’मधला अजय पुरकरांचा बाजीप्रभू ओळखू यायला हवा, असा हा उद्योग. करमाडला राहून, कामावरून आल्यावर, मी तो एम-सीलवर करतो. शेजारच्या काकूंना अजून वाटतं की आमच्या घरात कुठंतरी कायमची गळती आहे.

एम-सीलच का? आमच्याकडची काळी माती कापसाला सोनं, बाहुल्यांची मात्र वैरीण. भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. शाडू बाहेरून आणता येते, पण काडीएवढ्या हाताला तीही पुरी पडत नाही. एम-सीलच्या दोन वड्या रंग एकसारखा होईतो मळायच्या, बोटं पाण्यात बुडवत राहायची, नाहीतर माल बोटांनाच चिकटून येतो. थोडा वेळ हा माल ऐकतो; मग ऐकेनासा होतो. त्यामुळं एका बैठकीत एकच काम: आज पाय, उद्या अंगरख्याचा घेर. दाभण, टूथपिक आणि घासून बोथट केलेली सुई, एवढी हत्यारं पुरतात.

पण खरं काम त्याआधीच, तारेत होतं. वायरमधली तांब्याची तार पिळून सांगाडा करायचा आणि त्यातच पवित्रा पकडायचा. वजन एका पायावर घेतलं की त्या बाजूची कंबर वर जाते आणि खांदा खाली येतो. एवढं साधलं नाही, तर वरून कितीही नाक-डोळे कोरा, बाहुला दुकानातल्या पुतळ्यासारखाच उभा राहतो.

बाजीप्रभूच्या हातात दांडपट्टा द्यायचा तर आणखी एक पथ्य. पट्ट्याचं लोखंडी आवरण हाताला जवळजवळ कोपरापर्यंत झाकतं, मूठ आतल्या आडव्या दांडीवर असते, म्हणजे मनगट वळतच नाही. वार फिरतो तो खांद्यातून आणि कमरेतून. मनगट मुडपलेला पट्टेकरी दिसला की खुशाल समजावं, करणाऱ्यानं पट्टा कधी पाहिलेला नाही. पातं मी शीतपेयाच्या डब्याच्या पत्र्याचं कापतो.

आता चेहरा. बाजीप्रभू किंवा तानाजी दिसायला नेमके कसे होते, हे आपल्याला ठाऊक नाही. ती जागा चित्रकारांनी भरली, मग सिनेमानं. बाबूराव पेंटरांनी 1923 मध्ये ‘सिंहगड’ काढला, तेव्हा शेलारमामा झाले होते व्ही. शांताराम. बाबूराव स्वतः चित्रकार आणि शिल्पकार, त्यामुळं माणूस उभा कसा राहतो हे त्यांना हातानं ठाऊक होतं. भालजी पेंढारकरांच्या 1952 च्या ‘छत्रपती शिवाजी’तले चंद्रकांत मांडरेही चित्रकारच. ऐतिहासिक चित्रपट म्हणजे नुसता भडक पोशाख, असं नाक मुरडणाऱ्यांना मी ही दोन नावं सांगतो.

मोबाइलवर सिनेमा थांबवून चेहरा नीट पाहता येतो, पण पाठ क्वचितच दिसते. पगडीचा मागचा पीळ, पाठीवर ढाल कशी अडकवलीय, कमरबंदाची गाठ, हे शोधण्यात संध्याकाळ जाते. चेहऱ्यावर तेवढा वेळ घालवून उपयोगही नसतो. वेरूळच्या कैलास लेण्यात मंडपाच्या दोन बाजूंना रामायण आणि महाभारताचे पट ओळीओळीनं कोरले आहेत. तिथल्या लहानग्या आकृत्यांचे चेहरे आता झिजलेत, तरी वानर कोण आणि धनुर्धर कोण, हे लांबून कळतं. आमच्याही धंद्याचं मर्म तेच. भुवयांची ठेवण, मिशीचा आकडा आणि मानेचा कल जमला की बघणारा बाकीचं स्वतःच भरून घेतो.

रंगात मात्र लबाडी चालत नाही. डोळ्यांत पांढरा भरला की वीर दचकल्यासारखा दिसतो; पापणीची एक गडद रेघ पुरते. सध्या टेबलावर 2020 च्या ‘तान्हाजी’मधला सैफ अली खानचा उदयभान आहे, अंगभर काळ्या कपड्यांत. निव्वळ काळा लावला की सगळ्या घड्या बुडतात. म्हणून काळ्यात निळा मिसळायचा आणि घडीच्या धारेवरून जवळजवळ कोरडा करडा ब्रश फिरवायचा. दाढीला तोच काळा चालत नाही. तिथं थोडा तपकिरी घालावा लागतो.