बेरोजगारी विमा आणि आर्थिक चढउतार

बेरोजगारी विमा ही नोकरी गमावलेल्या कामगारास ठरावीक काळ अंशतः उत्पन्न पुरविणारी सामाजिक सुरक्षेची व्यवस्था होय. मंदीत नवे काम मिळण्यास अधिक काळ लागतो. त्यामुळे लाभाची रक्कम, मुदत किंवा पात्रतेच्या अटी आर्थिक स्थितीनुसार बदलल्या जातात. हा बदल पूर्वनिश्चित निकषानुसार आपोआप होतो किंवा शासनाच्या स्वतंत्र निर्णयाने केला जातो.

स्वयंचलित पद्धत

अमेरिकेत १९७० च्या कायद्यानुसार एखाद्या राज्यातील बेरोजगारीचा दर ठरावीक पातळीवर गेल्यास, नियमित लाभ संपलेल्या कामगारांना सामान्यतः आणखी १३ आठवड्यांपर्यंत लाभ मिळू शकतो. दर उतरल्यावर ही वाढ थांबते.

भारतातील तरतूद

कर्मचारी राज्य विमा महामंडळाची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना १ जुलै २०१८ पासून लागू झाली. तीत बेरोजगार झालेल्या विमाधारकास सरासरी दैनिक वेतनाच्या २५ टक्के रक्कम कमाल ९० दिवस देण्याची तरतूद होती. कोविड-१९ च्या टाळेबंदीनंतर हे प्रमाण ५० टक्के करण्यात आले आणि लाभासाठीची प्रतीक्षा ९० दिवसांवरून ३० दिवसांवर आणली गेली. ही सवलत २४ मार्च २०२० पासूनच्या बेरोजगारीस लागू झाली. मात्र तिचा निर्णय ऑगस्ट २०२० मध्ये झाला. स्वतंत्र निर्णयावर अवलंबून असलेल्या पद्धतीत मदत अशी उशिरा पोहोचू शकते.

महाराष्ट्रातील रोजगार हमी

वरील विमा नोंदणीकृत आस्थापनांतील विमाधारकांपुरता आहे. नाशिक जिल्ह्यातील सातपूर किंवा अंबड येथील कारखान्यातील कामगार त्यात येऊ शकतो. परंतु निफाड तालुक्यातील सायखेडा परिसरात कांदा काढणीच्या हंगामी कामावर जाणारा शेतमजूर त्याबाहेर राहतो.

अशा मजुरांसाठी महाराष्ट्रात रोजगार हमी योजना विकसित झाली. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळानंतर तिचा विस्तार झाला. १९७७ मध्ये संमत झालेला कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. योजनेच्या निधीसाठी व्यवसाय कर आकारण्यात आला व राज्य शासनाने त्यात तितकीच भर घालण्याची तरतूद झाली. त्यामुळे नोकरदार व व्यावसायिकांच्या उत्पन्नाचा काही भाग ग्रामीण मजुरीकडे वळला.

ही योजना विमा नसली, तरी तिचे कार्य विम्यासारखे आहे. पाऊस न झाल्यास कामाची मागणी व खर्च वाढतो. शेतीची कामे सुरू झाल्यावर तो घटतो. मागणीनंतर १५ दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्ता देय ठरतो. २००५ च्या राष्ट्रीय कायद्याने हा भत्ता पहिल्या ३० दिवसांसाठी मजुरीच्या किमान एक चतुर्थांश व त्यानंतर किमान निम्मा ठरविला.

मर्यादा

मागणीनुसार होणारा हा विस्तार मागणीची नोंद, कामांची उपलब्धता आणि वेळेवर मजुरी यांवर अवलंबून असतो. मागणी नोंदलीच गेली नाही, तर भत्त्याचा हक्क सिद्ध करणे कठीण होते.