चाळीस मिनिटं

"काका, आधी डावा हात. डावा बाहीत गेला की मगच उजवा."

इंटर्न मुलगी त्यांच्या डाव्या अंगाला स्टुलावर बसली होती. काका रिक्षाचालक, पन्नाशी उलटलेले. काही आठवड्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका येऊन डावी बाजू गेली होती. आता हातात थोडी ताकद परतत होती. तो शर्ट अंगात चढायला इतका वेळ लागला, की तेवढ्यात खालच्या ओपीडीत तीन-चार केसपेपर निकालात निघाले असते. मुलीने मदतीचा हात पुढे केला नाही. मोह तिलाही होत असावा, कारण तिने दोन्ही तळवे स्वतःच्या मांड्यांखाली दाबून धरले होते.

मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयाचा हा व्यवसायोपचार विभाग. मी तिथे गेले ती एका यादीमुळे. नीटचा निकाल लागल्यावर भाचीने वहीत पसंतीक्रम लिहिला होता. वर एमबीबीएस, मग बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, त्याखाली फिजिओथेरपी आणि अगदी तळाला व्यवसायोपचार. मागच्या वर्षीचे कटऑफ जसे उतरत गेले, तशी यादी उतरत गेली होती. "हे शेवटचं काम नेमकं काय असतं गं?" मी विचारलं. तिला सांगता आलं नाही, तिच्या आईला नाही, मलाही नाही. चार वर्षं शिकायचं, पुढे इंटर्नशिप करायची आणि मग जन्मभर जे करायचं, ते काम घरातल्या एकानेही पाहिलेलं नव्हतं. हे काही केल्या डोक्यातून जाईना, म्हणून परवानगी काढून मी त्या विभागात जाऊन बसू लागले.

लांबट खोली. एका कोपऱ्यात गरम पाण्याचं भांडं, त्यात स्प्लिंटसाठी मऊ होत असलेला प्लॅस्टिकचा पत्रा, त्याचा कोमट, किंचित गोडसर वास. टेबलांवर खुंट्यांचे फळे, कोन, दाबायची पुट्टी, आणि उलट्या बाजूने खिळे ठोकलेली एक फळी. कांदा त्या खिळ्यांवर रोवला, की एका हाताने चिरता येतो.

इथे पेशंटला पहिल्यांदा विचारतात, तुम्हाला काय करता यायला हवं? काकांचं उत्तर ठरलेलं होतं. "मॅडम, क्लच कधी?" हँडलवर गिअर असलेल्या रिक्षात क्लच डाव्या मुठीत असतो आणि तीच मूठ फिरवून गिअर पडतो. म्हणजे बोटांनी दाबून धरायचं आणि त्याच वेळी मनगट वळवायचं. निरोगी माणूस दिवसातून शेकडो वेळा हे बिनविचाराने करतो. विभागातल्या कुणीतरी गॅरेजमधून जुन्या स्कूटरचं हँडल आणून टेबलाला बसवलं होतं. काका त्यावर मूठ आवळायचे, कपाळावर घाम यायचा, दांडा अर्धा यायचा आणि सुटायचा.

मग एकदा इंटर्न मुलीने त्यांच्यापुढे कागद ठेवला. पानभर छोट्या छोट्या रेघा. "प्रत्येक रेघेवर काट मारा." काकांनी मन लावून काटा मारल्या, पेन खाली ठेवलं.

"झालं?"

"झालं की."

पानाची उजवी बाजू काटांनी भरली होती. डावीकडची एकही रेघ त्यांनी घेतली नव्हती. डोळ्यांत दोष नव्हता. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली, की काही जणांचं डावीकडे लक्षच जात नाही. ताटातली उजवीकडची भाजी संपते, डावीकडची चटणी-कोशिंबीर तशीच राहते.

"क्लच कदाचित येईलही," ती मला नंतर म्हणाली, "पण डावीकडून आलेली बाइक कळलीच नाही तर? ते आधी." दुसऱ्या कागदाच्या डाव्या कडेला तिने लाल पट्टी चिकटवली. लाल दिसेपर्यंत मान वळवायची, मगच सुरुवात करायची. पुढच्या खेपेला डावीकडच्या चार-पाच रेघांवर काट पडली. तिचा चेहरा असा उजळला, की काकांनीही कागद पुन्हा ओढून पाहिला.

हे काम का घेतलंस, असं विचारल्यावर तिने एकच आकडा सांगितला. "चाळीस मिनिटं. इथे मला एका पेशंटबरोबर चाळीस मिनिटं मिळतात."

या चाळीस मिनिटांनी मला भाचीची यादी वेगळ्या तऱ्हेने वाचायला लावली. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरला एका माणसासाठी दोन-चार मिनिटं मिळतात, आणि त्यात निर्णय चुकून चालत नाही. शेजारच्या हॉलमध्ये फिजिओथेरपिस्ट पॅरलल बारमध्ये माणसाला उभं करतो, चालवतो. तिथेही वेळ असतो, पण लक्ष हालचालीवर, ताकदीवर, तोलावर. वॉर्डातली नर्स पाळीभर पेशंटजवळ असते. रात्री तीनला बदललेला श्वास पहिल्यांदा तिलाच ऐकू येतो. लॅबमधल्या तंत्रज्ञाला पेशंटचा चेहरा बहुधा दिसतही नाही, तरी त्याच्या अचूकपणावर सगळ्यांचे निर्णय उभे असतात. या एकाच शिडीच्या पायऱ्या नव्हेत. हे वेगवेगळ्या स्वभावाच्या माणसांचे वेगवेगळे दिवस आहेत. ज्याला झटपट निकाल हवा, त्याला ही चाळीस मिनिटं असह्य होतील. ज्याला माणसाच्या सोबतीने रेंगाळता येतं, त्याला ओपीडीची रांग गुदमरवेल. मार्कांवरून यातलं काहीच कळत नाही.

तरी निवड मार्कांवरच होते, याला कारण आहे. २०२४ साली २३ लाखांहून जास्त मुलांनी नीट दिली आणि एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर होत्या. एवढ्या मोठ्या गाळणीतून जे खाली उतरतं त्याला 'उरलेलं' म्हणायची आपल्याला सवय लागली आहे. व्यवसायोपचाराचा इतिहास मात्र उरलेल्याचा नाही. १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात या विषयाची शाळा सुरू झाली, ती कमलाबाई निंबकरांच्या खटपटीतून. जन्माने अमेरिकन, लग्नाने निंबकर. फलटणचे शेतीसंशोधक बनबिहारी निंबकर यांच्या त्या आई. ठरवून अमेरिकेत जाऊन त्या हे शिकून आल्या आणि आपल्याकडे त्यांनी ते रुजवलं.

अडचणी इंटर्न मुलीने लपवल्या नाहीत. सरकारी पदं मोजकी, खासगीत सुरुवातीचा पगार बेताचा. घरच्यांना काम समजावून सांगावं लागतं ते वेगळंच. २०२१ साली संसदेने अशा पन्नासहून अधिक व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, त्यातून शिक्षणाला आणि नोंदणीला देशभर एक शिस्त येईल अशी तिला आशा आहे. मलाही आहे. पगाराचा प्रश्न तेवढ्याने सुटणार नाही, आणि ज्या घराला पहिल्या वर्षापासून मुलीच्या कमाईची गरज आहे, त्या घराने तो हिशोब मांडलाच पाहिजे.

पण हिशोबात चाळीस मिनिटंही धरावीत. पसंतीक्रम भरण्याआधी प्रत्येक मुलाला वॉर्डात, लॅबमध्ये, डायलिसिसच्या खोलीत, व्यवसायोपचारासारख्या विभागात एकेक दिवस बसू द्यावं. रुग्णालयांनी आणि महाविद्यालयांनी ती सोय रीतसर करावी. माझा दिवस पेशंटजवळ किती जाणार, त्या वेळात माझे हात काय करणार, सुधारणा दिसायला आठवडे लागले तर मला धीर धरता येईल का, हे प्रश्न तिथे बसल्यावर आपोआप पडतात. परीक्षेच्या तयारीला मुलांची दोन-दोन वर्षं देणाऱ्या आपल्याला यासाठी एक आठवडा देणं जड जाऊ नये.