धूळ झाडली, धूर उरला

‘स्वच्छ वायू सर्वेक्षणा’त दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांमध्ये जबलपूर २०२४ साली देशात दुसरे आले आणि २०२५ मध्येही दुसरेच. या कामाचे कौतुक मनापासून व्हायला हवे. पण शहरातल्या गढा भागातील नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयात छातीत कळ घेऊन येणाऱ्या रुग्णाला या क्रमांकाचा किती उपयोग, हेही तपासायला हवे. सर्वेक्षणात गुण मिळतात ते रस्त्यांवरची धूळ, राडारोडा, कचरा जाळणे, वाहने अशा बाबींवरच्या उपायांना. आणि हवा सुधारली की नाही, हे ठरते पीएम १० वरून, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांवरून. त्यातले जाड कण बरेचसे नाकाघशात अडकतात. हृदयाचा खरा वैरी आहे पीएम २.५. तो मुख्यतः जळण्यातून निघतो: डिझेल, कोळसा, लाकूड, कचरा, थंडीतल्या शेकोट्या. रस्ता झाडून तो जात नाही.

हे कण फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तिथे उठलेला दाह रक्तात उतरतो, रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडते, रक्त गोठण्याकडे झुकते. एडिंबरा येथील संशोधकांनी २००७ साली हे प्रत्यक्ष दाखवले. पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या, पण आता प्रकृती स्थिर असलेल्या २० पुरुषांना तासभर सौम्य केलेला डिझेलचा धूर हुंगायला दिला आणि अधूनमधून व्यायाम करायला लावला. स्वच्छ हवेत केलेल्या त्याच व्यायामापेक्षा धुरात त्यांच्या ईसीजीवर हृदयाला रक्त कमी पडल्याच्या खुणा अधिक गडद उमटल्या. शिवाय गुठळी विरघळवणारे शरीरातले द्रव्यही कमी स्रवले. दहा वर्षांनी तिथल्याच संशोधकांनी निरोगी माणसांना सोन्याचे अतिसूक्ष्म कण श्वासातून दिले, तेव्हा ते थेट रक्तात सापडले. वाट खुलीच आहे.

यावर कोणी म्हणेल, हृदयविकार तंबाखू, मधुमेह आणि रक्तदाबाने होतो, हवेला कशाला दोष? त्या कारणांचा वाटा मोठा आहे, यात वाद नाही. एकट्या माणसापुरता प्रदूषणाचा धोका तंबाखूपेक्षा कमीच. पण तंबाखू काही जण खातात, हवा मात्र सगळेच घेतात, आणि आधीच अरुंद झालेल्या धमनीवर हा भार वरून पडतो. दुसरा आक्षेप असा की जबलपूर म्हणजे काही दिल्ली नव्हे. इथेच मोठी गफलत होते. प्रदूषण वाढते तसा हृदयाचा धोका सरळ रेषेत वाढत नाही. तो सुरुवातीच्या पातळ्यांवरच झपाट्याने चढतो. पीएम २.५ ची आपली वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम, तर जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासूनची शिफारस ५. या दोन आकड्यांच्या मधली हवा कागदावर ‘मर्यादेत’ असते, धमनीच्या लेखी नाही. म्हणून पुढच्या सर्वेक्षणात गुण पीएम २.५ वर द्यावेत, आणि गढ्यातल्या या महाविद्यालयासारख्या रुग्णालयांनी झटक्याच्या रुग्णांची रोजची नोंद त्या दिवसाच्या हवेच्या आकड्याशेजारी ठेवावी. त्याला नवे यंत्र लागत नाही. दोन्ही नोंदी एका तक्त्यात आणाव्या लागतील, एवढेच.