गुडीहत्नूरच्या पलीकडची शाळा

हल्ली आपल्या शहरातील जुन्या मराठी घरांतून एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. मुलगा किंवा मुलगी परदेशी विद्यापीठात शिकते, आणि तिथले प्राध्यापक विद्यार्थ्यांना घेऊन तिसऱ्याच देशात अभ्यासाच्या सहलीला जातात. कोणी केनियातील खेड्यात, तर कोणी पेरूच्या डोंगरात. खर्चाचे आकडे पाहून आजोबा विचारतात, ‘‘अहो, पुस्तके का थोडी आहेत? तिथे जाऊन ही पोरे शिकतात तरी काय?’’

प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी मात्र फार दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या हैदराबादेहून नागपूरच्या हमरस्त्याला लागावे, निर्मल मागे टाकावे, आणि आदिलाबाद जवळ आले की गुडीहत्नूर लागते. बहुतेक मोटारी तिथे न थांबता पुढे निघून जातात. पण तिथूनच उजव्या हाताला इंद्रवेल्ली आणि उटनूरकडे रस्ता फुटतो. त्या डोंगराळ गोंड मुलखात व्हिएन्ना आणि लंडन येथील विद्यापीठांत शिकलेली माणसे येऊन राहिली व शिकली. ती काय शिकली हे पाहिले म्हणजे आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर सापडते.

क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांचा जन्म व्हिएन्नाचा, साल १९०९. तिथे डॉक्टरेट मिळवून ते लंडनला गेले आणि ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की या मानववंशशास्त्राच्या थोर आचार्यांच्या वर्गात बसले. गुरु-शिष्यांच्या कुंडल्याही कशा जुळाव्यात! मालिनोव्स्की ऑस्ट्रियाचे प्रजाजन. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले तेव्हा ते ऑस्ट्रेलियात होते. शत्रुराष्ट्राचे म्हणून परतीची वाट कठीण झाली, आणि तो काळ त्यांनी ट्रोब्रियांड बेटांवरील लोकांत राहून सार्थकी लावला. पंचवीस वर्षांनी दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा शिष्य हैदराबाद संस्थानात होता. त्यालाही संस्थानाबाहेर जाण्याची मनाई झाली. त्याने आधी चेंचूंचा अभ्यास केला आणि मग आदिलाबादच्या गोंडांत जाऊन मारलवाई गावी झोपडीत बिऱ्हाड थाटले. सोबत पत्नी बेट्टी होत्याच.

पहिला धडा सक्तीच्या मुक्कामानेच दिला. आमच्या गाण्याच्या धंद्यात एक राग नीट बसायला वर्ष जाते. आठ दिवसांत शिकलेला राग आठ दिवसांतच उतरतो. मुलखाचेही तसेच आहे. पेरणीपासून दंडारीपर्यंत आणि पुष्य अमावास्येच्या केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेपासून पुढच्या जत्रेपर्यंत, असे एक वर्तुळ पुरे पाहिल्याखेरीज गोंडांच्या जगण्याचा ठेका कानाला सापडत नाही.

दुसरा धडा भाषेचा, आणि इथे आपल्या मराठीला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. गोंडांची बोली गोंडी, द्राविड कुळातली. पण या भागातील पुष्कळ गोंडांना मराठी चांगली अवगत. त्यांच्या वंशकथा आणि देवकथा किंगरीवर गाऊन जतन करणारे जे परधान, त्यांची घरची भाषा तर मराठीच! गजाने वाजणाऱ्या किंगरीच्या साथीने परधान यजमानाच्या कुळाची कथा गोंडीत गातो. त्याच्या गायनावाचून कुळाच्या देवाची पूजा पुरी होत नाही. चार, पाच, सहा आणि सात देवांच्या कुळांची सारी मांडणी या गायकांच्या मुखी असे. हायमेनडॉर्फ यांनी १९४८ साली ‘द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील कथांचे खरे आचार्य हे परधानच होत. व्हिएन्नाचा पंडित जमिनीवर बसतो आणि अक्षरओळख नसलेला गायक त्याला शिकवतो, हे चित्र ज्याने गुरूपुढे तंबोरा धरला आहे त्याला परके वाटणार नाही. आमच्या वडिलांनी दरबारी गायकी जतन केली ती कानानेच. वही पुढे ठेवली की ते म्हणत, ‘‘आधी ऐक, मग लिही.’’

तिसरा धडा सर्वांत अवघड. ज्याच्याकडून घेतले त्याचे देणे फेडायचे. १९४० साली जोडेघाटला कुमरम भीम मारला गेला होता. जंगल आणि जमीन हातची गेल्याचे दुःख त्या मुलखात धगधगत होते. हायमेनडॉर्फ यांनी निजाम सरकारला अहवाल दिले, जमिनींच्या पट्ट्यांचा आग्रह धरला. १९४३ च्या सुमारास मारलवाईला शाळा आणि शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले. ज्या मूठभर गोंड तरुणांना मराठी लिहिता-वाचता येत होते ते हाताशी आले, आणि गोंडीचे पहिले धडे देवनागरीत छापले गेले. केसलापूरच्या जत्रेत अधिकाऱ्यांनी लोकांची गाऱ्हाणी ऐकण्याचा ‘दरबार’ही त्याच दशकातला.

हे विदेशी माणसालाच जमते असे मात्र कोणी समजू नये. निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी याच भागात अधिकारी होते. इतिहासकार म्हणून त्यांना सारा महाराष्ट्र ओळखतो, पण त्यांनी गोंडी आत्मसात करून तिचे व्याकरण लिहिले आणि ‘अमंग द गोंड्स ऑफ आदिलाबाद’ हा ग्रंथ रचला, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल? त्यांना त्यासाठी समुद्र ओलांडावा लागला नाही.

हायमेनडॉर्फ पुढे लंडनला प्राध्यापक झाले. त्यांचे शिष्य मायकेल यॉर्क १९७० च्या दशकात याच गोंडांत येऊन राहिले. गुरूच्या १९८२ च्या ग्रंथात त्यांनी लेखन केले आणि राज गोंडांवर चित्रपटही काढला. पण तोवर काय झाले होते? ज्या जमिनींसाठी गुरूने खटपट केली त्यांतील पुष्कळ बाहेरून आलेल्यांच्या हाती गेल्या होत्या. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीला गोंडांच्या सभेवर गोळीबार झाला. अभ्यासाने माणसे कळतात, त्यांचे भाग्य मात्र तेवढ्याने पालटत नाही. हा चौथा धडा, आणि तो कोणत्याही पाठ्यक्रमात नसतो.

बेट्टीबाई १९८७ साली हैदराबादेत वारल्या. त्यांची समाधी मारलवाईला आहे. त्याच मारलवाईच्या कनकराजूंना गुसाडी नृत्यासाठी २०२१ चा पद्मश्री मिळाला. २०२४ साली तेही गेले. असे एकेक जाणते माणूस जाते तेव्हा एकेक शाळा बंद होते.

म्हणून आजोबांना एवढेच सांगावेसे वाटते की नातवंडांना खुशाल जाऊ द्यावे. मात्र परतल्यावर काय पाहिले हे न विचारता कोणाकडून काय शिकलास आणि त्याला काय देऊन आलास, हे विचारावे. आणि पुढच्या पुष्य अमावास्येला त्यांना घेऊन नागपूरच्या रस्त्याने निघावे. गुडीहत्नूर आले की गाडी उजवीकडे वळवायची, एवढे लक्षात ठेवले म्हणजे झाले.