अंगीठीची चौकट आणि तिचं माप

महू छावणीतले जुने बंगले पाहायला जाणारी आपली मंडळी छपराची कौलं, व्हरांड्याचे खांब, दारांच्या पितळी कड्या यांचे भरपूर फोटो काढून आणतात. दिवाणखान्यातल्या अंगीठीकडे मात्र फारसं कोणी वळत नाही. (पुण्या-मुंबईचे लोक हिला फायरप्लेस म्हणतात, इंदूरकडे ती अंगीठीच.) परिणाम असा की बंगल्याची दुरुस्ती निघाली की पहिला हातोडा तिच्यावर पडतो. आणि ठेवायची ठरलीच, तर बाजारातून तयार संगमरवरी चौकट आणून चिकटवतात. ती दिसायला सुंदर असते, पण त्या भिंतीची वाटत नाही. का वाटत नाही, हे टेपनं मोजून सांगता येतं. आजचा लेख त्यासाठी.

आपल्या वाड्यांत भिंतीतली अंगीठी नव्हती. स्वयंपाकघरात चूल, न्हाणीघरात बंब आणि थंडीत हात शेकायला उचलून नेता येणारी शेगडी, एवढ्यावर भागत होतं. १८१८ साली मंदसौरचा तह झाला आणि त्याच वर्षी महूला इंग्रजांची छावणी पडली. या छावणीबरोबर बंगला आला, आणि बंगल्याबरोबर ही वस्तू. तिचं कूळ इंग्लंडचं, आणि इंग्लंडनं ते शिस्तीत इटलीहून उचललेलं.

इंग्रजीत या चौकटीला मॅन्टल म्हणतात. मॅन्टल म्हणजे मुळात झगा. दोन्ही शब्द एकाच लॅटिन मुळातले. आगीच्या तोंडाभोवती घातलेला झगा, असं समजा. पण आपल्याला समजायला वाड्याच्या दाराची चौकट जास्त जवळची. दाराला दोन उभ्या बाजू, वर गणेशपट्टी, तशीच इथे दोन उभ्या बाजू आणि वर आडवी पट्टी. फरक एवढाच की इथे वरचा भाग तीन थरांचा असतो. तोंडाला लागून चौकटपट्टी, ती दोन्ही बाजूंनी खालपर्यंत उतरते. तिच्यावर सपाट मधली पट्टी, नक्षी करायची तर इथे. आणि सगळ्यात वर कंगोऱ्यांची, पुढे येत जाणारी पट्टी, जिच्यावर फळी बसते. फळीवर घड्याळ, फोटो, शिकारीच्या ढाली वगैरे.

आता माप. आंद्रेआ पालादिओ या इटालियन वास्तुकारानं १५७० च्या आपल्या ग्रंथात दार-खिडक्यांसाठी नियम दिला: चौकटपट्टीची रुंदी उघड्या भागाच्या रुंदीच्या एक षष्ठांशापेक्षा कमी नको, एक पंचमांशापेक्षा जास्त नको. या पट्टीचे चार भाग करा. त्यातले तीन भाग मधल्या पट्टीला, पाच भाग वरच्या कंगोऱ्यांना. म्हणजे ४ : ३ : ५. इंग्रज वास्तुकार पालादिओचे भक्तच होते, त्यामुळे ही रीत दारावरून अंगीठीवरही आली.

एक उदाहरण करून बघा. अंगीठीचं तोंड ३६ इंच रुंद आणि ३६ इंच उंच धरू. चौकटपट्टी ६ इंच. मधली पट्टी साडेचार इंच. वरचे कंगोरे साडेसात इंच. बेरीज १८. जमिनीपासून फळीचा माथा ५४ इंचांवर, म्हणजे बरोबर साडेचार फूट. उभ्या माणसाच्या डोळ्याच्या खाली, कोपर टेकायला थोडं वर. साहेब लोक फळीवर हात ठेवून उभे राहिलेले जुने फोटो आपण पाहिलेत, ती ऐट या साडेचार फुटांमुळे जमते. फळी सहा फुटांवर नेऊन बघा, माणूस बसच्या दांड्याला लटकल्यासारखा दिसेल.

तोंडाचा आकारही मनमानी नसतो. विल्यम चेंबर्सनं १७५९ च्या ग्रंथात सांगितलंय की लहान अंगीठीचं तोंड जवळजवळ चौरस असावं, मोठ्या अंगीठीचं रुंदीपेक्षा उंचीला थोडं कमी. याला सौंदर्याइतकंच धुराचंही कारण आहे. तोंड उंच केलं की वर जाणाऱ्या गरम हवेबरोबर खोलीतली थंड हवाही धुराड्यात ओढली जाते, धूर मंदावतो आणि खोलीत परततो. काउंट रमफर्ड या अमेरिकेत जन्मलेल्या शास्त्रज्ञानं १७९६ मध्ये यावर निबंधच लिहिला. धुराड्याचा गळा चार इंचांवर आणा, मागची भिंत अरुंद करा आणि दोन्ही गाल १३५ अंशांत उघडे ठेवा, म्हणजे उष्णता खोलीत फेकली जाईल, असा त्याचा सल्ला. तेव्हा जुन्या अंगीठीचे गाल तिरके दिसले, तर गवंड्याचा हात वाकडा होता असं समजून गुण्यात घेऊ नका! तो तिरकेपणा मुद्दाम केलेला आहे.

छावणीतल्या बंगल्यांत खरी पंचाईत छताची होते. उन्हाळ्यासाठी खोल्या पंधरा-सोळा फूट उंच, आणि अंगीठी साडेचार फुटांची. भिंतीवर ती चिमुकली दिसते. आजचा डेकोरेटर इथे हमखास चुकतो: तो सगळी चौकट ताणून मोठी करतो. पण चौकट तोंडावरून मापायची असते, छतावरून नाही. तोंड तेवढंच राहिलं आणि पट्ट्या फुगल्या, तर बारीक चणीच्या माणसानं मोठ्या भावाचा कोट घातल्यासारखं होतं. जुन्या लोकांची तोड सोपी होती. चौकट मापात ठेवायची आणि फळीच्या वर मोठा आरसा किंवा तसबीर लावायची. डोळा आपोआप वर चढतो.

शैलीबद्दल थोडक्यात, कारण यावर फोटोंसकट भरपूर साहित्य मिळतं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रॉबर्ट अ‍ॅडमनं मधली पट्टी रुंद केली, कंगोरे बारीक केले आणि पट्टीवर कलश, तोरणं, मधोमध चित्रफलक आणला. म्हणजे वरचं ४ : ३ : ५ त्याच्याकडे जसंच्या तसं शोधू नका. त्यानंतरच्या रीजन्सी काळात उभ्या बाजूंवर सरळ रेघा आणि कोपऱ्यात गोल चकती. व्हिक्टोरियाच्या काळात फळीखाली जाडजूड घोडे, आत कमानीची बिडाची जाळी, आणि फळी चांगली खोल, कारण तिच्यावर मांडायच्या वस्तू वाढल्या. १९३० च्या सुमाराला नक्षी गेली, पायऱ्या-पायऱ्यांचा आकार आणि टाइल्स आल्या. बंगला १८६० चा आणि त्यात अ‍ॅडमची तोरणं, हे अशक्य नाही, कारण जुनी शैली पुन्हा फॅशनमध्ये येत राहते. पण साध्या लष्करी बंगल्यात बहुतेक वेळा साधे कंगोरेच शोभतात. लालबागेचा थाट तिथे आणू नये, हे माझं स्पष्ट मत.

मागच्या हिवाळ्यात एका परिचितांच्या बंगल्यात ठेकेदारानं फळी साडेपाच फुटांवर बसवायची खूण केली होती. तोंड वर सांगितलं तेवढंच, ३६ इंची. मूळ चौकट कधीच निघून गेली होती, त्यामुळे कोणती उंची खरी हे सांगायला घरात कोणी नव्हतं. आम्ही नवा गिलावा थोडा खरवडला. आत चुन्याच्या जुन्या गिलाव्यात, साधारण ५३ इंचांवर, लाकडाचे चौकोनी ठोकळे एका ओळीत भरलेले सापडले. फळी खिळवायला जागा म्हणून ते ठेवलेले. त्याच्या खाली रंगाच्या थरांची कडा उभी उतरत गेलेली, म्हणजे जुन्या चौकटीची बाहेरची रेघ. तोंडाच्या काठापासून ती सहा इंचांच्या जरा पुढे होती. भिंतीनं स्वतःच नकाशा देऊन ठेवला होता. फळी खाली आली, आणि दोन दिवसांच्या कुरकुरीनंतर ठेकेदारालाही ती पटली.

तिथे चौकट लाकडाची करायची होती, आणि अंगीठी खरंच पेटवायची होती. मग आगीचा नियम आला. अमेरिकेच्या निवासी बांधकाम संहितेत तो नेमका दिलाय: तोंडापासून सहा इंचांच्या आत जळणारं काहीही नको, आणि बारा इंचांच्या आतलं लाकूड, तोंडापासून जितके इंच दूर, तितकेच अष्टमांश इंच पुढे यावं. आपल्या मिस्त्रीच्या भाषेत सांगायचं तर दर इंचाला एक सूत. म्हणजे सहा इंचांवर सहा सूत, बारा इंचांवर बारा सूत, म्हणजे दीड इंच.

हे गणित पालादिओच्या मापावर ठेवलं तेव्हा मजा आली. सहा इंचांची चौकटपट्टी दगडाची केली की पहिली अट संपली. साडेचार इंचांची मधली पट्टी सहाव्या इंचापासून सुरू होते, ती पाऊण इंचापेक्षा जाड नको. नाहीतरी ती सपाटच असते. कंगोरे साडेदहा इंचांवर सुरू होतात, तिथे सव्वा इंच पुढे यायला हरकत नाही, बाराव्या इंचाला दीड. फळी स्वतः अठराव्या इंचावर, ती खुशाल आठ इंच पुढे येऊ द्या. पालादिओचा दारासाठीचा नियम आगीच्या नियमात असा बसावा, हा योगायोग असेल, पण कामाचा आहे. बाजारातल्या तयार चौकटीत लाकूड बरेचदा थेट तोंडाच्या काठाला भिडवलेलं असतं. ती फक्त दिखाव्यापुरती अंगीठी असेल तर चालेल, पेटवायची असेल तर अजिबात नाही.

शेवटी जमिनीचं. अंगीठीसमोरचा दगड टाइल्सखाली गाडण्याआधी त्याची लांबी-रुंदी लिहून घ्या आणि तोंड, छातीसारखा पुढे आलेला भिंतीचा भाग, गालांचा कोन यांच्याबरोबर एका कागदावर काढून ठेवा. त्याच संहितेप्रमाणे सहा चौरस फूट किंवा त्याहून मोठ्या तोंडासमोर दगड २० इंच पुढे आणि दोन्ही बाजूंना १२ इंच जास्त हवा. आमच्या तोंडाचं क्षेत्रफळ नऊ चौरस फूट, म्हणजे दगड किमान ६० इंच लांब. त्या बंगल्यातला शहाबादी निघाला ६१ इंचांचा. तो आम्ही जागचा हलवला नाही.