निघालेली कॅप काय सांगते?

विरार-नालासोपाऱ्याहून पहाटेची लोकल पकडणाऱ्या माणसाला दातांच्या दवाखान्याची एकच फेरी जड जाते. एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी. त्यामुळे दाढेवरची धातूची कॅप निघाली की कोणी ती डबीत टाकून विसरतो, कोणी घरातल्या झटपट चिकटणाऱ्या गोंदाने परत बसवतो. दोन्हींत दाढ जाण्याचा धोका आहे. म्हणून या अंकात आम्ही कॅप कशी धरून राहते आणि का सुटते, हे समजावून घेणार आहोत.

कॅप बसवायच्या सिमेंटला दोन बाजू सांभाळाव्या लागतात : एकीकडे दात, दुसरीकडे धातू. शंभराहून अधिक वर्षे वापरात असलेले झिंक फॉस्फेट सिमेंट या दोघांनाही रासायनिकरीत्या चिकटत नाही. खरबरीत विटेवर गिलावा धरतो, तसे ते बारीक खाचांत घट्ट होते. कोरलेला दात पुरेसा उंच असेल आणि त्याच्या बाजू जवळजवळ सरळ असतील, तर ते वर्षानुवर्षे टिकते. बुटक्या दातावर मात्र कमी पडते.

इंग्लंडमधील अॅलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी 1972 साली ग्लास आयोनोमर सिमेंटची माहिती प्रसिद्ध केली. हे सिमेंट दातातल्या कॅल्शियमशी रासायनिक बंध जोडते. पण घट्ट होताना त्यात लाळ शिरली तर ते कच्चे राहते. डॉक्टर कापूस ठेवून दात कोरडा करतात तो यासाठीच.

दात बुटका असेल तर रेझिन सिमेंटचा उपयोग होतो. निकेल-क्रोमियम किंवा कोबाल्ट-क्रोमियम या मिश्रधातूंवर ऑक्साइडचा पातळ थर असतो. एमडीपी नावाचा घटक असलेले रेझिन सिमेंट या थराला रासायनिकरीत्या धरते. त्याआधी कॅपच्या आतल्या बाजूवर अॅल्युमिनाच्या बारीक कणांचा मारा करतात. हे कण साधारण 0.05 मिलिमीटरचे असतात. त्यामुळे धातू स्वच्छ आणि खरबरीत होतो. सोन्यावर असा ऑक्साइडचा थर बनत नाही, म्हणून सोन्याच्या कॅपला गंधकयुक्त प्रायमर लावावा लागतो.

आता निघालेली कॅप उजेडात धरून पाहा. सिमेंट कॅपमध्येच राहिले आणि दात उघडा पडला, तर पकड बहुधा दाताच्या बाजूने सुटली. सिमेंट दातावर राहिले आणि धातू आतून लख्ख असेल, तर धातूच्या बाजूने सुटली. आत दाताचा तुकडा अडकला असेल, तर दातच मोडला आहे. दात मऊ, काळा किंवा दुर्गंधी येणारा असेल, तर खाली कीड लागली आहे. तेव्हा नुसते सिमेंट बदलून भागत नाही. म्हणूनच कॅप आतून खरवडू नका. पाण्याने हलकेच धुऊन डबीत ठेवा आणि तशीच डॉक्टरांना दाखवा.

सैल कॅप तोंडात ठेवून झोपू नका, ती श्वासनलिकेत जाऊ शकते. घरचा गोंद तर मुळीच लावू नका. त्याने हिरडी भाजते आणि कॅप वाकडी बसली की चावा बिघडतो. लवंगेचे तेल लावले असेल तर डॉक्टरांना सांगा, कारण त्यातल्या युजेनॉलमुळे रेझिन सिमेंट नीट घट्ट होत नाही. खोट्या दागिन्यांनी कानाला खाज येत असेल तर तेही सांगा; निकेलची अॅलर्जी असू शकते. आणि काही दिवसांतच दवाखाना गाठा. उशीर झाला तर शेजारचे दात सरकतात आणि तीच कॅप पुन्हा बसत नाही.

खाजगी खर्च झेपत नसेल तर मुंबई सेंट्रलचे महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय विरार लोकलच्या मार्गावरच आहे. सीएसएमटीजवळ शासकीय दंत महाविद्यालयही आहे.

दवाखाना कुठलाही असो, तीन प्रश्न विचारा : धातू कोणता, सिमेंट कोणते आणि कॅप का निघाली? उत्तरे केसपेपरवर लिहून घ्या. पुढच्या वेळी डॉक्टर बदलले तरी तो कागद उपयोगी पडेल. प्रश्न विचारल्याने डॉक्टरांचा अपमान होत नाही. दाढ आपली आहे, खाडाही आपलाच पडतो.