काट्यावरचे दोनशे आणि रस्त्यावरचे दोनशे

लोटस एलिस, केटरहॅम सेव्हन, एरियल ॲटम अशा हलक्या स्पोर्ट्स कारचा विषय निघाला की दोन आकडे हमखास ऐकू येतात: टॉप स्पीड आणि लॅप टाइम. दोन्ही अगदी ठासून सांगितले जातात, पण ते मोजले कसे हे क्वचितच कोणी विचारतं. मला हाच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मोजण्याची रीत आणि त्या वेळची परिस्थिती माहीत नसेल, तर आकडा कितीही मोठा असला तरी त्यावरून गाडीबद्दल फारसं काही कळत नाही.

‘काट्यावर २२० दिसले, म्हणजे गाडी २२०ने गेली’

स्पीडोमीटर खरा वेग सांगत नाही, आणि तो सांगत नाही हे कायद्यानेच मान्य केलेलं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमावलीतला ३९ क्रमांकाचा नियम म्हणतो की काट्यावरचा वेग खऱ्या वेगापेक्षा कधीही कमी दिसता कामा नये, जास्त दिसला तर मात्र चालेल. किती जास्त? खऱ्या वेगाच्या दहा टक्के आणि वर ४ किलोमीटर. म्हणजे गाडी ताशी २०० किलोमीटरने धावत असताना काटा २२४ दाखवत असेल, तरी तो नियमात बसतो. कंपन्या काटा मुद्दाम थोडा पुढे ठेवतात, कारण गाडीला पुढे कुठले टायर बसतील, त्यात हवा किती असेल हे त्यांच्या हातात नसतं. टायर झिजला की चाकाचा घेर किंचित कमी होतो, तेवढ्याच अंतरात चाक जास्त फेरे घेतं आणि काटा आणखी पुढे सरकतो. ट्रॅकवर जाणारे लोक रिम आणि टायरचा आकार सर्रास बदलतात. मग तर काट्याचा आणि वेगाचा संबंध आणखी सैल होतो.

आपल्या गाडीचा काटा किती पुढे आहे हे पाहायला रेसट्रॅक लागत नाही. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात कारला ताशी १००ची मर्यादा आहे आणि कडेला किलोमीटरचे फलक आहेत. ताशी १००ने एक किलोमीटर जायला बरोबर ३६ सेकंद लागतात. काटा १००वर स्थिर ठेवायचा आणि शेजारी बसलेल्याने स्टॉपवॉच धरायचं. ३८ सेकंद लागले, तर खरा वेग ९५च्या आतच आहे. फलकांमधलं अंतर थोडं इकडेतिकडे असू शकतं, म्हणून सलग चार-पाच किलोमीटर मोजून सरासरी काढावी.

‘मोबाइलच्या जीपीएसवर दाखवलं, आता वाद संपला’

काट्यापेक्षा जीपीएस नक्कीच बरा, कारण त्याला टायरशी देणंघेणं नसतं. चांगला जीपीएस रिसीव्हर उपग्रहांच्या लहरींच्या बदललेल्या वारंवारितेवरून, म्हणजे डॉप्लर परिणामावरून, वेग काढतो. तो स्थिर वेगाच्या बाबतीत फार अचूक असतो. अडचण येते ती नोंदींच्या संख्येत. साधा फोन सहसा सेकंदाला एकदा नोंद घेतो आणि ताशी २००ला गाडी एका सेकंदात जवळजवळ ५६ मीटर जाते. सरळ पट्टीच्या टोकाला, ब्रेक दाबण्याआधीच्या क्षणाचा वेग दोन नोंदींच्या मधे हरवू शकतो. उलट, पुलाखालून किंवा झाडीतून जाताना एखादी चुकीची नोंद भलताच उंच आकडा दाखवते आणि ॲप तोच ‘कमाल वेग’ म्हणून जपून ठेवतं. ब्रिटनमधल्या रेसलॉजिक कंपनीचं व्हीबॉक्स हे उपकरण वाहन-परीक्षक वापरतात. त्याच्या प्रकारानुसार ते सेकंदाला २० ते १०० नोंदी घेतं. एकाच उंच टोकाऐवजी काहीशे मीटरवर टिकलेला वेग पाहिला, तर फोनवरूनही बरंच खरं चित्र मिळतं.

‘एकदा गाठला, म्हणजे तोच गाडीचा कमाल वेग’

इथे जरा थांबायला हवं, कारण सगळ्यात मोठी गफलत इथेच होते.

एक गाडी शांत हवेत जेमतेम ताशी २०० गाठते असं धरू. आता समोरून ताशी २० किलोमीटरचा वारा सुटला. समुद्रकिनाऱ्यावर किंवा पठारावर हा काही मोठा वारा नाही. फक्त हवेचा विरोध धरून गणित केलं तर तीच गाडी सुमारे १८७वर अडते. तोच वारा पाठीवर घेतला, तर ती २१३च्या पुढे जाते. गाडी तीच, इंजिन तेच, फरक २६ किलोमीटरचा! आणि दोन्ही दिशांची सरासरी काढली की पुन्हा २०० येतात. म्हणूनच एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या वेगविक्रमांत एका तासाच्या आत दोन विरुद्ध दिशांना धाव घ्यावी लागते आणि सरासरी धरली जाते. रस्त्याचा उतारही असाच फसवतो. डोळ्यांना सपाट वाटणारा एक टक्क्याचा उतार ७०० किलोच्या गाडीला ताशी २००च्या आसपास साधारण ४ किलोमीटर फुकटात देतो, जड गाडीला त्याहून जास्त.

३० मे १९४९ रोजी बेल्जियममधल्या याबेका गावाजवळच्या सरळ महामार्गावर जग्वारने आपली एक्सके १२० पत्रकारांसमोर पळवली. टप वर ओढून गाडीने सुमारे २०३ किलोमीटरचा वेग गाठला. मग टप आणि पुढची काच काढली, गाडी पुन्हा सोडली आणि वेग भरला २१३.४. एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, एकाच गाडीचे हे दोन आकडे, आणि दोन्ही खरे. इतिहासात दुसरा आकडा राहिला. टपाची गाडी घेणाऱ्या माणसाच्या कामाचा मात्र पहिला होता. १९६१मध्ये जग्वार ई-टाइपचा १५० मैलांचा, म्हणजे २४१ किलोमीटरचा, वेग गाजला. मासिकांना दिलेल्या गाड्या खास निगुतीनं तयार केलेल्या होत्या. ग्राहकांच्या हातातल्या गाड्यांना तो आकडा गाठणं जड जाई.

आजही हे चालूच आहे. ऑगस्ट २०१९मध्ये बुगाटी शिरॉनने जर्मनीत एरा-लेसियनच्या चाचणी-मार्गावर ताशी ४९०.४८ किलोमीटर गाठले, पण एकाच दिशेने. वेग खरा होता, तरी दोन दिशांच्या विक्रमांच्या रांगेत तो बसत नाही. ऑक्टोबर २०२०मध्ये अमेरिकेतल्या एसएससी कंपनीने नेवाडाच्या रस्त्यावर आपल्या टुआटाराची दोन दिशांची सरासरी ५०८ किलोमीटरच्या वर असल्याचं जाहीर केलं. प्रेक्षकांनी ध्वनिचित्रफितीत रस्त्याकडेच्या खुणा हेरल्या, त्यांच्यातलं अंतर नकाशावर मोजलं, लागलेला वेळ पाहिला आणि हिशेब जुळेना. जानेवारी २०२१मध्ये पुन्हा चाचणी झाली, तेव्हा सरासरी आली सुमारे ४५५. पुढे कंपनीने पहिला दावा खरा नसल्याचं मान्य केलं. अंतर भागिले वेळ या शाळेतल्या सूत्राने हा दावा पाडला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

‘हलकी गाडी, म्हणून टॉप स्पीड जास्त’

नाही. ताशी २००ला गाडी मुख्यतः हवेशी झगडत असते आणि हवेला गाडीचं वजन कळत नाही. एलिसच्या आकाराच्या गाडीला या वेगात फक्त हवा बाजूला सारायला ८०-८५ अश्वशक्ती लागते. त्याच गाडीतून १०० किलो वजन कमी केलं, तर चाकांच्या घर्षणात जेमतेम एक अश्वशक्ती वाचते. हवेसाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. वेग दहा टक्के वाढवायचा तर शक्ती तेहतीस टक्के वाढवावी लागते.

केटरहॅमच्या दोन गाड्या शेजारी ठेवल्या की हे लख्ख दिसतं. सेव्हन १७०मध्ये सुझुकीचं ६६० सीसीचं छोटं इंजिन आहे, ८४ अश्वशक्तीचं. गाडीचं वजन ४४० किलो आणि जाहीर वेग १६९. सेव्हन ६२०आरची शक्ती ३१० अश्वशक्ती, म्हणजे पावणेचार पटीच्या जवळ. वेग किती? सुमारे २५०, दीडपटही नाही. उघडी चाकं, उभी काच, बाहेर आलेले दिवे असं १९५७च्या लोटस सेव्हनपासून चालत आलेलं हे रूप हवेत अक्षरशः भिंतीसारखं उभं राहतं. लोटसने २०१५मध्ये आणलेल्या ३-इलेव्हनच्या रस्त्यावरच्या आवृत्तीचा जाहीर वेग २९०, आणि रेसच्या आवृत्तीचा २८०. शर्यतीची गाडी कमाल वेगात मागे, हे वाचून काहींना छपाईची चूक वाटते. ती चूक नाही.

कारण शर्यतीची गाडी लॅप टाइमसाठी घडवलेली असते, आणि लॅप टाइम वेगळ्याच ठिकाणी मिळतो. ३०० मीटरच्या सरळ पट्टीवर २००च्या जागी २१०ने गेलात, तर वाचतात ०.२६ सेकंद. १०० मीटरच्या संथ वळणात ६०च्या जागी ६३ने गेलात, तर वाचतात ०.२९. दोन्हीकडे वाढ पाचच टक्के, पण वळण तिपटीने आखूड असूनही जास्त देतं. वळणात आणि ब्रेकखाली वजन निर्णायक असतं, कारण टायरवर भार दुप्पट केला तरी त्याची पकड पुरती दुप्पट होत नाही. हलकी गाडी तिथे कमावते. ब्रिटनच्या टॉप गिअर कार्यक्रमाच्या डन्सफोल्ड ट्रॅकवर ५५० किलोच्या एरियल ॲटम ५००ने १ मिनिट १५.१ सेकंदांत फेरा पुरा केला. ताशी ४३१ किलोमीटरचा विक्रम केलेली बुगाटी व्हेरॉन सुपर स्पोर्ट तिथे १ मिनिट १६.८ सेकंदांवर थांबली.

‘लॅप टाइम म्हणजे लॅप टाइम’

कुठून कुठपर्यंत, हे आधी विचारावं. जर्मनीतल्या न्यूरबुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफे ट्रॅकचा पूर्ण फेरा २०.८३२ किलोमीटरचा. पूर्वी बऱ्याच कंपन्या सुरुवातीच्या सरळ पट्टीचा तुकडा वगळून सुमारे २०.६ किलोमीटर मोजत. २०२१मध्ये पोर्शे ९११ जीटी२ आरएसच्या एकाच फेऱ्याचे दोन वेळ जाहीर झाले: पूर्ण अंतराचा ६:४३.३००, आखूड अंतराचा ६:३८.८३५. हौशी चालक ‘ब्रिज टू गँट्री’ मोजतात, तो त्याहूनही आखूड, सुमारे १९ किलोमीटर. त्या वेळांची कंपनीच्या वेळेशी तुलना करून कोणी खूश होत असेल, तर मला त्याची हळहळ वाटते.

मग गाडी कोणती, हा प्रश्न. २००९मध्ये रॅडिकल एसआर८ एलएमने तिथे ६:४८ची वेळ दिली. ती नंबरप्लेटची, पण घडण सरळसरळ शर्यतीची. तिला ‘रस्त्यावरची गाडी’ म्हणायचं का, यावर तेव्हापासून वाद आहे. टायर किती मऊ होते, टाकीत पेट्रोल किती होतं, चालक व्यावसायिक होता का, हेही त्यातच आलं. ५५० किलोच्या गाडीत ७५ किलोचा मित्र बसला, तर वजन जवळजवळ १४ टक्के वाढतं. दीड टनाच्या गाडीत तोच मित्र पाच टक्क्यांचा असतो.

हजारांश सेकंदांचा मोहही आवरायला हवा. १९९७मध्ये स्पेनमधल्या हेरेथला फॉर्म्युला वनच्या पात्रता फेरीत व्हिलनव्ह, शूमाकर आणि फ्रेंत्झेन या तिघांचीही वेळ १:२१.०७२ भरली. तिथे गाडीत संकेत पाठवणारा ट्रान्सपाँडर आणि रस्त्याखाली तो टिपणारा तारेचा लूप असतो, म्हणून त्या तीन दशांश स्थळांना अर्थ आहे. फोनचा जीपीएस जागा तीनेक मीटर चुकवू शकतो. ताशी १५०ने रेषा ओलांडताना ते ०.०७ सेकंद झाले. ॲपने तीन दशांश स्थळं दाखवली म्हणून ती मोजली गेली असं होत नाही. हातातलं साधं स्टॉपवॉच तुच्छ मानू नये. सुरू करताना आणि थांबवताना होणारा उशीर बराचसा एकमेकांना कापतो आणि चूक एक-दोन दशांशांत राहते.

गाडीला नवा विंग लावून वेळ सुधारला का हे पाहायचं असेल, तर दोन नव्हे, तीन खेपा लागतात: आधी जुना विंग, मग नवा, मग पुन्हा जुना. शक्यतो त्याच दिवशी, तोच चालक आणि तेवढंच पेट्रोल ठेवून. तिसऱ्या खेपेला जुन्या विंगनेही वेळ तेवढाच खाली आला, तर फरक ट्रॅकच्या तापमानाने किंवा चालकाचा हात बसल्याने पडला, विंगने नाही.